विद्यार्थ्यांना दाखवण्याजोग्या राजकीय मुलाखती कोणत्या?

बार्शीचा मास्तर

नमस्कार मंडळी,

बार्शी तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. बारावीला उपयोजित मराठीत ‘मुलाखत’ हा घटक आहे. इतकी वर्षं तो मी फळ्यावरच शिकवला. पूर्वतयारी, प्रश्नांचा क्रम, समारोप, आभार. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. यंदा ठरवलं की मुलांनी खरोखरीच्या माणसाची मुलाखत घ्यायची. आधी एका सरपंचांची, जमलं तर पुढे आमदारांची.

गेल्या आठवड्यात सराव घेतला. एक मुलगा सरपंच झाला, दुसरा अँकर. अँकर झालेला पोरगा हुशार आहे, वक्तृत्वात बक्षिसं मिळवतो. त्यानं उभं राहून बाकावर हात आपटला आणि ‘गावाला उत्तर पाहिजे!’ असं तीनदा ओरडला. सरपंचही ओरडला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मग मी विचारलं, ‘सरपंच काय म्हणाले, कुणी सांगेल का?’ चौतीस मुलांपैकी एकालाही सांगता आलं नाही. सरपंच झालेल्या मुलालाही नाही.

दोष पोरांचा नाही. त्यांनी घरी टीव्हीवर जे पाहिलं तेच केलं. एका पडद्यावर आठ चौकटी आणि आठही तोंडं एकदम चालू. ‘मुलाखत’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे हेच येतं.

म्हणून विचारतो, राजकीय नेत्यांच्या टीव्हीवरच्या अशा कोणत्या मुलाखती आहेत ज्या दाखवून मुलांना कळेल की प्रश्न विचारणं म्हणजे काय? इंग्रजी असली तरी चालेल, मी थांबवून समजावून सांगेन. दहा मिनिटांचा तुकडा पुरे. आमच्याकडे प्रोजेक्टर आहे आणि माझ्या फोनचं नेट आहे.

थेम्सकाठ

मास्तर, मी पंचवीस वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इथे याबाबत कुणालाही विचारलंत तर एकच मुलाखत सांगतील: पत्रकार जेरेमी पॅक्समन यांनी घेतलेली मायकेल हॉवर्ड यांची. बीबीसीचा ‘न्यूजनाइट’ कार्यक्रम, १३ मे १९९७. बारा दिवसांपूर्वी हुजूर पक्षाची सत्ता गेली होती. हॉवर्ड माजी गृहमंत्री, आणि आता पक्षाच्या नेतेपदासाठी उभे होते. पॅक्समन यांनी एकच प्रश्न बारा वेळा विचारला. हॉवर्ड यांनी सरळ उत्तर एकदाही दिलं नाही. यूट्यूबवर आहे, पाचेक मिनिटांत काम होईल.

दुसरी ब्रिटिश टीव्ही मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट आणि अमेरिकेचे माजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची, १९७७ सालची. वॉटरगेट हेरगिरी प्रकरणानंतर राजीनामा दिलेल्या अध्यक्षांशी बारा दिवस बोलणं चाललं, २८ तासांहून जास्त चित्रीकरण झालं. त्याचे निक्सन यांना सहा लाख डॉलर मिळाले होते, त्यावर तेव्हा टीकाही झाली. पण ‘अध्यक्षानं केलं म्हणजे ते बेकायदेशीर ठरत नाही’ या अर्थाचं त्यांचं वाक्य आजही कायद्याच्या वर्गात शिकवलं जातं. आणि शेवटी, आपण अमेरिकी जनतेची निराशा केली, हेही ते बोलून गेले.

सातारकर_६२

सर, माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मनापासून सांगतो. मुलांना हे उलटतपासणीचं वेड लावू नका. मुलाखतीला आलेला माणूस आपल्या दारी आलेला असतो. त्याचा मान राखायचा की नाही?

पत्रकार करण थापर यांच्या दोन मुलाखती लोक नेहमी सांगतात. २००४ साली ‘हार्डटॉक इंडिया’मध्ये जयललिता आल्या होत्या. शेवटी थापर म्हणाले, तुमच्याशी बोलून आनंद झाला. त्या म्हणाल्या, मला मात्र नाही झाला, नमस्ते. दुसरी २००७ ची. गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी ‘डेव्हिल्स अॅडव्होकेट’मध्ये आले आणि तीनेक मिनिटांत माइक काढून उठले. यातून प्रेक्षकाच्या पदरात काय पडलं? एकीत कडवटपणा, दुसरीत रिकामी खुर्ची.

त्यापेक्षा २१ फेब्रुवारी २०१८ ची दाखवा. पुण्यात बीएमसीसी कॉलेजच्या मैदानावर राज ठाकरे यांनी शरद पवारांची मुलाखत घेतली. मी त्या संध्याकाळी तिथे होतो, मागे उभा राहून पूर्ण ऐकली. वाहिन्यांनी थेट दाखवली होती. एका पक्षाचा अध्यक्ष दुसऱ्या पक्षाच्या अध्यक्षाला विचारतोय, आणि समोर हजारो माणसं शांत बसलीत. मराठीत आहे, मुलांना प्रत्येक शब्द कळेल. शेवटी राज यांनी विचारलं, उद्धव की राज? पवार म्हणाले, ठाकरे कुटुंबीय. मैदान हसण्यानं दणाणलं. राजकारणातली माणसं एकमेकांशी सभ्यपणे बोलू शकतात, हे आजच्या पोरांनी पाहायला हवं.

उतरवणारी

मास्तर, तुमचा प्रश्न दोन दिवस मनात घोळतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी डोंबिवलीत राहते आणि गेली एकोणीस वर्षं मुलाखती उतरवून देते. वाहिन्यांसाठी, मासिकांसाठी, पीएच.डी. करणाऱ्यांसाठी. कानावर हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज चालू, पाय उचलला की तीन सेकंद मागे. तासाभराची मुलाखत नीट उतरवायला मला पाच-सहा तास लागतात. माणूस पुटपुटत बोलणारा असेल तर आठ. इतका वेळ एकाच आवाजाच्या संगतीत बसलं की माणूस कुठे आवंढा गिळतो, कुठे पाठ केलेलं म्हणतो आणि कुठे पहिल्यांदाच विचार करून बोलतो, ते कानाला कळायला लागतं. चेहरा दिसत नसल्यामुळे जास्तच कळतं.

एक प्रसंग सांगते. सुरुवातीच्या काळात एका वाहिनीसाठी एका माजी मंत्र्यांची मुलाखत उतरवत होते. कारखान्याच्या थकलेल्या ऊसबिलांचा विषय होता. प्रश्न साधा होता: ‘शेतकऱ्यांचे पैसे कधी देणार?’ त्यानंतर काहीच ऐकू येईना. मला वाटलं फाइल अडकली. आवाज वाढवला तर मागे पंखा फिरतोय, कुणीतरी बशीत कप ठेवला त्याचा टिक आवाज आला. मग ते गृहस्थ अगदी खालच्या आवाजात म्हणाले, ‘बघू.’ मी तीनदा मागे जाऊन मोजलं आणि लिहिलं: (शांतता, ११ सेकंद) बघू.

रविवारी मुलाखत लागली म्हणून मुद्दाम बसले. प्रश्न आला, आणि त्याला लागून लगेच ‘आमचं सरकार शेतकऱ्यांचंच आहे’ हे पंधरा मिनिटांनंतरचं, दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर जोडलेलं. ते अकरा सेकंद गेले, ‘बघू’ही गेलं. मी निर्मात्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘ताई, शांतता बघायला कुणी टीव्ही लावत नाही.’ मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. त्या पूर्ण तासात खरं उत्तर तेवढं एकच होतं.

तेव्हापासून मी मुलाखतीकडे एकाच कसोटीनं बघते. विचारणाऱ्यानं उत्तर ऐकलं का? आणि त्या उत्तरातलाच शब्द धरून पुढचा प्रश्न विचारला का? आवाज चढवला की नाही, पाहुणा उठून गेला की नाही, या बाबी माझ्या लेखी दुय्यम आहेत.

आता दाखवायच्या कोणत्या.

सगळ्यात आधी डायना गूल्ड. या पत्रकार नव्हत्या, इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर गावातल्या शिक्षिका होत्या, म्हणून तर तुमच्या वर्गात त्यांना पहिला मान. २४ मे १९८३, निवडणुकीचा प्रचार ऐन भरात. बीबीसीच्या ‘नेशनवाइड’ कार्यक्रमात पंतप्रधान मार्गारेट थॅचर प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होत्या. वर्षभरापूर्वी फॉकलंड बेटांवरून झालेल्या युद्धात ब्रिटिश पाणबुडीनं ‘जनरल बेलग्रानो’ ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडवली होती, ३२३ माणसं गेली. गूल्डबाईंनी विचारलं, ती नौका तुम्ही आखलेल्या प्रतिबंधित क्षेत्राच्या बाहेर होती आणि फॉकलंडपासून दूर चालली होती, मग बुडवली का? थॅचर म्हणाल्या, दूर चालली नव्हती. इथे दुसरा कुणी असता तर ‘बरं’ म्हणून गप्प बसला असता, नाहीतर रागावला असता. बाई म्हणाल्या, ती २८० अंशांच्या दिशेनं जात होती आणि आधीच फॉकलंडच्या पश्चिमेला होती, मग दूर चालली नव्हती असं तुम्ही कसं म्हणता?

मास्तर, फळ्यावर वर्तुळ काढा. उत्तर शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. मुलांना २८० कुठे येतं ते दाखवायला सांगा. बाकीचं त्यांचं त्यांना कळेल. एका आकड्यापुढे देशाच्या पंतप्रधानांना आपलं वाक्य सावरून घ्यावं लागलं. आमच्या जहाजांना तिचा धोका होता, हे सांगावं लागलं. तीसेक वर्षांनी सगळी कागदपत्रं खुली होतील असंही त्या म्हणाल्या, तेव्हा बाईंनी तेवढ्यावर भागत नाही असं तिथल्या तिथे सांगितलं. हे सगळं साध्या, न चढलेल्या आवाजात.

मग पॅक्समन. थेम्सकाठ यांनी सुचवलेली मुलाखत जरूर दाखवा, पण ‘एकच प्रश्न बारा वेळा’ एवढंच सांगून दाखवलीत तर मुलं चिकाटी शिकतील, ऐकणं शिकणार नाहीत. ती मी एकदा सरावासाठी कागदावर उतरवली होती. कागदावर आल्यावर खरी गंमत दिसते.

पार्श्वभूमी अशी. पार्कहर्स्ट तुरुंगातून १९९५ मध्ये कैदी पळाले. तुरुंग विभागाचे प्रमुख डेरेक लुईस. तिथल्या तुरुंगाधिकाऱ्याला निलंबित करण्यावरून हॉवर्ड आणि लुईस यांच्यात बैठक झाली होती. पॅक्समन विचारतात, तुम्ही लुईस यांचा निर्णय फिरवण्याची *धमकी* दिली होती का? हॉवर्ड म्हणतात, लुईस यांना *आदेश* देण्याचा मला अधिकार नव्हता आणि मी आदेश दिला नाही. ऐकायला हे उत्तरासारखं वाटतं. वाक्य पूर्ण आहे, ठामही आहे, शेवटी ‘नाही’सुद्धा आहे. पण विचारलं होतं धमकीबद्दल, उत्तर आलं आदेशाबद्दल. आपल्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात, इथे तर भांडंच बदललं. पॅक्समन यांचं मोठेपण मला बारा आकड्यात दिसत नाही. शब्द बदललाय हे पहिल्याच खेपेला त्यांच्या कानांनी टिपलं, त्यात दिसतं.

वर्गात असं करून बघा. प्रश्न एका बाजूला लिहा, उत्तर दुसऱ्या बाजूला. प्रश्नातलं क्रियापद आणि उत्तरातलं क्रियापद यांच्याखाली रेघ मारायला सांगा. तुम्ही तर मराठीचे शिक्षक, हे तुमच्या घरचंच काम.

ब्रिटिश टीव्ही मुलाखतकार ब्रायन वॉल्डन यांची थॅचर यांच्याशी झालेली मुलाखत (२९ ऑक्टोबर १९८९) थोडी मोठी आणि तुमच्या मुलांना जड जाईल. तुम्ही स्वतः बघा. अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी तीन दिवस आधी राजीनामा दिला होता. थॅचर यांचे आर्थिक सल्लागार अॅलन वॉल्टर्स यांना काढलं असतं तर लॉसन राहिले असते का, एवढंच वॉल्डन विचारत राहिले. वॉल्डन थॅचर यांचे चाहते होते हे जगजाहीर होतं. चाहता असूनही विचारता येतं, हे बघण्यासारखं आहे.

आता सातारकर काका, तुमच्या मुद्द्यावर येते. पाहुण्याचा मान राखावा हे मला शंभर टक्के मान्य. शिवाय थापर-मोदी मुलाखत वर्गात पहिल्यांदा दाखवू नये, याबाबतही मी तुमच्याच बाजूची आहे. पण माझं कारण वेगळं आहे. २००२ च्या दंगलींबद्दल आणि त्याबद्दल खेद व्यक्त करण्याबद्दल मुख्यमंत्र्यांना विचारणं हे पत्रकाराचं कामच होतं, प्रश्नात मला खोट दिसत नाही. मोदींनी पाणी मागितलं, मैत्री टिकून राहावी असं म्हणाले आणि माइक काढला. त्यानंतर मुलं फक्त माइक काढतानाचं दृश्य लक्षात ठेवतील. पाहुणा उठला म्हणजे मुलाखत जिंकली असं त्यांना वाटेल. सतराव्या वर्षी हा समज एकदा बसला की काढणं कठीण.

पण मान राखणं म्हणजे पुढचा प्रश्न न विचारणं नव्हे. पुण्याची ती मुलाखत मीही पाहिली, आवडली. ‘ठाकरे कुटुंबीय’ हे उत्तर मात्र चतुर बगल होती, आणि हशा झाला तिथे विषय संपला. त्या वेळेला ते शोभलं. शिकवायला तेवढंच घेतलं तर मुलं हशा मिळवायला शिकतील.

मान राखून काय काढून घेता येतं याचं उदाहरण पवारांचंच देते. २००६ साली एनडीटीव्हीवर पत्रकार शेखर गुप्ता यांच्या ‘वॉक द टॉक’मध्ये. तो कार्यक्रमच चालत चालत गप्पा मारण्याचा. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं मेली. पवारांना मुख्यमंत्री होऊन आठवडाही झाला नव्हता. स्फोटांच्या ठिकाणांत मशीद बंदर हे झालंच नव्हतं असं एक ठिकाण आपण मुद्दाम सांगितलं, दोन्ही समाज होरपळलेत असं वाटावं आणि दंगल पेटू नये म्हणून, असं त्यांनी स्वतः सांगितलं. अकराचे बारा केले. बरोबर की चूक यावर तुमच्या वर्गात तासभर वाद होईल, होऊ द्या. मुद्दा असा की तेरा वर्षांपूर्वी लोकांना काय सांगितलं आणि का सांगितलं, हे एक नेता कॅमेऱ्यासमोर बोलला. टेबल आपटून हे बाहेर आलं नसतं.

अर्णब गोस्वामी यांची राहुल गांधींशी झालेली मुलाखत (२७ जानेवारी २०१४) पण लक्षात ठेवा. चालू पद्धतीच्या आरडाओरड्याशी ज्यांचं नाव लोक जोडतात त्यांनीच ही जवळजवळ दीड तासाची मुलाखत बऱ्यापैकी शांतपणे घेतली. पुन्हा पुन्हा मुद्द्यावर आणलं. राहुल गांधी माहिती अधिकार, महिला सबलीकरण, व्यवस्था बदलणं याच विषयांकडे वळत राहिले. पण १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराबद्दल विचारल्यावर, काही काँग्रेसवाले बहुधा त्यात असतील, असं ते म्हणाले. तेवढ्या एका वाक्यावर पुढे कित्येक दिवस चर्चा झाली. मुलांना अख्खी दाखवू नका, कंटाळतील. तो तुकडा दाखवा.

फार लांबलं. पण हा विषय निघाला की राहवत नाही.

थेम्सकाठ

ताई, ‘धमकी’ आणि ‘आदेश’ हा फरक मला इतक्या वर्षांत असा दिसला नव्हता. आज पुन्हा पाहिली. एक भर घालतो: पॅक्समन यांनी नंतर सांगितलं होतं की पुढच्या विषयाची चित्रफीत तयार नव्हती, म्हणून त्यांना मुलाखत लांबवायला सांगण्यात आलं होतं. आणि हॉवर्ड यांची कारकीर्द तिथे संपली असंही नाही. ते २००३ मध्ये पक्षाचे नेते झाले.

सातारकर_६२

ताई, ‘चतुर बगल’ हे मान्य. त्या मैदानावर मीही हसलो होतो आणि पुढचं विचारायला हवं होतं हे त्या वेळी मनात आलं नाही. ‘वॉक द टॉक’ शोधून बघतो. तरीही सर, मुलांना आधी नमस्कार करायला शिकवा, मग प्रश्न.

बार्शीचा मास्तर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. आधी काम, मग कळवायचं असं ठरवलं होतं.

गूल्डबाईंचा तुकडा दाखवला. फळ्यावर वर्तुळ काढलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, वर्गात फारसा बोलत नाही, त्याचे वडील ट्रक चालवतात. तो उठून पुढे आला, खडू घेतला, २७० च्या जरा वर खूण केली आणि म्हणाला, ‘सर, हे तर मावळतीकडंच की.’ मग अर्जेंटिना कुठे, फॉकलंड कुठे, हे त्यानंच नकाशात दाखवलं. पॅक्समनचा तुकडा दाखवून क्रियापदांखाली रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी पोरं एकमेकांच्या बोलण्यात शब्द पकडायला लागली. ‘डबा खाल्लास का?’ ‘आणला होता.’ ‘आणला का नाही ते विचारलं नाही!’

गेल्या गुरुवारी शेजारच्या गावच्या सरपंचांची मुलाखत झाली. सातारकर काका, आधी नमस्कार, शाल, नारळ, सगळं रीतसर केलं. प्रश्न विचारायला बारावीची एक मुलगी होती, त्याच गावची. हातात कागद होता पण तिनं तो बघितला नाही. मी शेवटच्या ओळीत बसून लिहून घेतलं ते देतो.

‘गावात नळजोडण्या किती झाल्या?’

‘शंभर टक्के.’

‘शंभर टक्के म्हणजे किती घरं?’

‘तीनशे बारा.’

‘त्यांतल्या किती घरांत काल पाणी आलं?’

सरपंच गप्प. वर्ग गप्प. माझ्या मनात आलं की आता आपण मध्ये पडावं, पाहुणे अवघडलेत. तोंड उघडलंही होतं. ती मुलगी मात्र त्यांच्याकडे बघत स्वस्थ बसून होती. मी गप्प राहिलो.

‘वरच्या आळीला चढत नाही पाणी,’ सरपंच म्हणाले.

‘वरच्या आळीत किती घरं?’

‘साठ-पासष्ट. मोटार कमी पडती. नवीन मोटारीचा प्रस्ताव दिलाय पंचायत समितीला.’

‘कधी दिला?’

‘दिवाळीच्या आधी.’

जाताना सरपंचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, ‘पोरी, हेच बीडीओसाहेबांना (गटविकास अधिकाऱ्यांना) विचार. माझं कुणी ऐकत नाही.’ पुढच्या सोमवारी चार मुलं पंचायत समितीत जाणार आहेत, प्रस्तावाची तारीख विचारायला.

मुलीला नंतर विचारलं, तू इतका वेळ गप्प कशी राहिलीस? म्हणाली, ‘सर, मी मनात आकडे मोजत होते. नऊ झाले तेव्हा ते बोलले.’ ती स्वतः वरच्या आळीत राहते, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या महिन्यात आमदार यायला तयार झालेत. त्यांना असं आपल्या गावातलं विचारता येणार नाही, ते सगळी आकडेवारी तोंडपाठ करून येतील. ताई, तयारी कशी करून घेऊ?

उतरवणारी

मास्तर, हे वाचून हेडफोन काढून ठेवला आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं.

आमदारांसाठी असं करा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या, याद्या असतात. तुमच्या आमदारांनी गेल्या दोन अधिवेशनांत काय विचारलं ते मुलांना शोधायला लावा. मंत्र्यांचं लेखी उत्तरही बहुतेक वेळा तिथेच मिळतं. म्हणजे प्रश्न असा करता येईल: ‘तुम्ही सभागृहात अमुक विचारलंत, मंत्री तमुक म्हणाले, त्यानंतर काय झालं?’ त्यांच्याच प्रश्नापासून सुरुवात केली की त्यांचा मानही राहतो आणि पाठ केलेलं भाषण म्हणायला जागाही उरत नाही. निवडणुकीच्या वेळचा जाहीरनामाही बरोबर ठेवा, पण तो पहिल्यांदा काढू नका.

एका मुलीला पाच प्रश्न पुरे. दहा लिहून नेले की उत्तर ऐकायच्या ऐवजी पुढच्या प्रश्नाकडे लक्ष जातं. आणि शेजारी एक मुलगा फक्त ऐकायला बसवा. त्यानं काही विचारायचं नाही, आमदारांनी शब्द बदलला की वहीत टिपून तिच्यापुढे सरकवायचा. तो ट्रकवाल्यांचा मुलगा चालेल का बघा.

सगळं फोनवर रेकॉर्ड करा, फोन टेबलावर आमदारांच्या बाजूला ठेवा, पंख्याखाली नको. मला पाठवा, मी उतरवून देते, पैसे नकोत. फक्त काही कापू नका. ते नऊ सेकंदसुद्धा तसेच पाठवा.